नाव सांभाळणारी माणसं

आमच्या मल्हारगंजातल्या घरी एक पितळी तांब्या आहे. त्याच्या गळ्याखाली, जुन्या पद्धतीप्रमाणे ठिपके ठोकून, एका बाईचं नाव घातलेलं आहे. लहानपणी मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि बुचकळ्यात पडलो, कारण त्या नावाचं आमच्या घरात कुणीच नव्हतं. आजीला विचारलं, तर ती तांब्या चिंचेनं घासत होती ती तशीच घासत राहिली. म्हणाली, "होती एक मुलगी." पुढं कितीतरी वर्षांनी, तिच्या दहाव्याच्या दिवशी, वडिलांच्या मामांनी सहज सांगितलं, की ते आजीचंच माहेरचं नाव. लग्नात तांदळात अंगठीनं दुसरं नाव लिहिलं गेलं, साखर वाटली गेली आणि पहिलं नाव तांब्यावर तेवढं राहिलं.

आपल्या लोकांत नाव बदलणं ही काही आक्रीत गोष्ट नव्हे. अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईही माहेरच्या यमुनाच. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक मुळच्या मनकर्णिका गोखले आणि झाशीची राणी तर सर्वांना ठाऊक असलेली मनू. इतिहासात यांची सासरची नावं गाजली. दोन्ही यमुना कुठे गेल्या, हे कुणी विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटत नव्हतं. बाईनं नवं नाव घ्यायचं ते चारचौघांच्या साक्षीनं. जुनं नाव झाकायचं नसतं, ते फक्त टाकायचं असतं.

दुभाषी मुलखात राहणाऱ्या आपणा मंडळींना तर हा अनुभव बायकांपुरताही राहिलेला नाही. आमच्याकडे हिंदीत 'ळ' नाही. त्यामुळे शाळेच्या पहिल्या दाखल्यापासूनच काळ्यांचे काले होतात, कुळकर्ण्यांचे कुलकर्णी होतात, आणि वडिलांचं नाव मध्ये घालण्याची आपली रीत तिथल्या कारकुनाला अडगळ वाटते. रेशन कार्डावर एक, दाखल्यावर दुसरं आणि घरच्या लग्नपत्रिकेवर तिसरं अशी तीन नावं बाळगणारी माणसं आमच्या एका बाखळीत दहा सापडतील. या वर्षीच्या सीमाभागातल्या वाचकांना मी हे सांगायला नकोच.

इंदूरनं एक नामांतर तर राजेशाही थाटाचं पाहिलं. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांना बावला खून प्रकरणानंतर १९२६ साली गादी सोडावी लागली. दोन वर्षांनी, १९२८ च्या मार्च महिन्यात, त्यांनी सिएटलच्या नॅन्सी मिलर या तरुणीशी बडवाह येथे लग्न केलं. त्याआधी तिला हिंदू धर्मात घेण्यात आलं आणि तिचं नाव झालं शर्मिष्ठा. त्या काळी देशाविदेशातल्या वर्तमानपत्रांनी तिची दोन्ही नावं शेजारी शेजारी छापली. ते नाव लपण्यासाठी नव्हतंच. नव्या घरात, नव्या जातीत आपल्याला जागा मिळावी म्हणून ते घेतलेलं होतं आणि ते जितकं गाजेल तितकं बरंच होतं.

पण नाव बदलण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे, आणि मला लिहायचं आहे ते तिच्याबद्दल. इथे जुनं नाव टाकायचं नसतं, ते जपायचं असतं, आणि त्याच्यासाठीच नवं नाव पुढे करायचं असतं. ढालीसारखं.

मराठीत ही ढाल फार आधी वापरात आली. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ पासून 'लोकहितवादी' या सहीनं पत्रं येऊ लागली, तीच पुढे 'शतपत्रे' म्हणून प्रसिद्धी पावली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख तेव्हा पंचविशीतले सरकारी नोकर होते. पुण्याच्या भिक्षुकशाहीवर त्यांनी जे कोरडे ओढले, ते स्वतःच्या नावानं ओढले असते तर काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. (गंमत अशी की 'देशमुख' हेही त्यांच्या घराण्याचं मूळचं आडनाव नव्हे. मूळचे ते शिधये. वतनानं देशमुख झाले.)

कवींची गोष्ट निराळी. केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा, गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ, कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा. यात लपणं कमी आणि घरातल्या कुणाचा तरी हात धरून बाहेर येणं जास्त. पडदा आहे, पण मलमलीचा. जयवंत दळव्यांनी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवल्या, त्यातही हा कोण असेल याची खुमारी होती. वसंत सरवट्यांनी त्याला चेहरासुद्धा देऊन टाकला होता. अशा नावामागचं माणूस कळलं तर फार तर चार मित्र रुसतात.

बाईच्या बाबतीत मात्र तसं नसतं. म्हणून विभावरी शिरूरकरांची हकीगत जरा सविस्तर सांगायला हवी.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. प्रकाशक ह. वि. मोटे. लेखिकेचं नाव यापूर्वी कुणी ऐकलेलं नव्हतं. गोष्टी होत्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या. त्यांच्या मनात पुरुषाविषयी काय येतं, त्यांच्या पगारावर चालणाऱ्या घरात त्यांच्या लग्नाचा विषय कसा मागे पडत जातो, सुधारक म्हणवणारी माणसं एकान्तात कशी वागतात, हे सगळं त्यात सरळ लिहिलेलं होतं. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' आली. तिची नायिका नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसऱ्या पुरुषाबरोबर राहणारी, आणि त्याच्यापासून मूल हवं म्हणणारी. महाराष्ट्रात जे वादळ उठलं त्यात पुस्तकांच्या गुणदोषांपेक्षा एकच प्रश्न मोठा होता: ही बाई कोण? काहींना तर ही बाईच नव्हे, बाईचं नाव घेऊन कुणी पुरुष लिहितो आहे, अशी खात्री होती. बाईला हे सुचेल, आणि सुचलं तरी ती लिहील, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

लेखिका होती बाळूताई खरे. वय अठ्ठावीस. घोडनदीच्या म्हणजे शिरूरच्या एका कुटुंबात जन्मलेली, हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी. याच बाळूताईंनी त्याच सुमारास 'अलंकारमंजूषा' आणि केळकरांच्या जोडीनं हिंदू व्यवहारधर्मशास्त्रावरचं पुस्तक लिहिलं होतं, आणि ते स्वतःच्या नावानं. म्हणजे अलंकारांवर आणि धर्मशास्त्रावर लिहिताना बाईला आपलं नाव चालत होतं. मनातलं लिहिताना मात्र ते काढून ठेवावं लागलं. आडनाव 'खरे' असलेल्या बाईला खरं सांगायला दुसरं आडनाव शोधावं लागावं, यापरतं त्या काळाचं वर्णन मला तरी करता येणार नाही.

आणि तरी गंमत पाहा. लपण्यासाठी घेतलेल्या नावात तिनं आपलं गावच ठेवलं! शिरूरकर. ज्याला शोधायचं होतं त्याला धागा समोर होता. वैऱ्यालाही कळू नये म्हणून घेतलेल्या नावात माणूस आपल्या ओळखीचा एखादा कण का ठेवून देतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, अगदी पूर्ण लपणं माणसाला सोसत नाही. आपल्यापैकी कुणीतरी ओळखावं, आणि ओळखून गप्प बसावं, एवढीच त्याची इच्छा असते.

गप्प बसणारा माणूस इथे होता, तो म्हणजे प्रकाशक. शिरूरकरांचं धैर्य आपण वाखाणतो ते योग्यच आहे, पण मोट्यांच्या मौनाचं कुणी फारसं बोलत नाही. चहूकडून विचारणा होत असताना तोंड मिटून बसणं सोपं नसतं, विशेषतः ज्याचं पोट पुस्तकं खपण्यावर आहे त्याला. नाव फुटलं असतं तर पुस्तक काही कमी खपलं नसतं. याच मोट्यांनी उतारवयात मराठीतल्या मोठमोठ्या माणसांचा खासगी पत्रव्यवहार 'विश्रब्ध शारदा' या नावानं छापून काढला. 'विश्रब्ध' म्हणजे विश्वासानं बोललेलं. कोणतं केव्हा उघड करायचं आणि कोणतं केव्हा झाकायचं, याचा हिशेब त्यांच्यापाशी होता असं म्हणायचं.

१९३५ साली आमच्या इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरलं, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष होते. 'हिंदोळ्यावर' येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. त्या मांडवाच्या कडेला पानसुपारी खाताना कुणी 'ही शिरूरकर कोण हो?' असं शेजाऱ्याला विचारलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पुढं नाव उघड झालं. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन बाळूताईंच्या मालतीबाई झाल्या. म्हणजे एका बाईला तीन नावं: एक आईबापांचं, एक सासरचं, आणि मधलं स्वतः निवडलेलं. 'बळी', 'शबरी' ही पुढची पुस्तकंही तिसऱ्या नावानं नव्हे, त्या मधल्याच नावानं आली. आता लपण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बाईंनी ते नाव टाकलं नाही. २००१ च्या मे महिन्यात त्या गेल्या. त्याच वर्षी इंदूरला पुन्हा संमेलन भरलं होतं आणि अध्यक्षपदी विजया राजाध्यक्ष होत्या. स्वतःच्या नावानं लिहिणारी बाई.

आता इंदूरच्याच एका लेकीची गोष्ट. १९२९ साली इथल्या शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या दीनानाथांच्या मुलीचं नाव आधी हेमा होतं. 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ती लता झाली असं सांगतात. आडनावही वडिलांनी आपल्या मंगेशी गावावरून घेतलेलं. हे नाव जगात इतकं गाजलं की तिला स्वतःलाच त्याच्या आड जायला जागा उरली नाही. साठीच्या दशकात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना एक नवा संगीतकार मिळाला, 'आनंदघन'. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. गाणी घरोघर पोचली, पण हे आनंदघन कुणी पाहिले नव्हते. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य शासनाचं पारितोषिक जाहीर झालं, तेव्हा सभागृहात आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं आणि कुणीच उठेना. लताबाई समोरच बसलेल्या होत्या. शेवटी व्यासपीठावरूनच ते गुपित फोडण्यात आलं.

हा प्रसंग आपण कौतुकानं सांगतो. टाळ्या पडल्याच असणार. पण मी तो वाचतो तेव्हा मला टाळ्यांच्या आधीचे ते क्षण दिसतात. आपलं दुसरं नाव पुकारलं जात आहे आणि बाई खुर्चीत बसून आहे. तिला उठायचं नव्हतं. उठवलं गेलं. तिथे कुणाचं नुकसान झालं नाही, नाव मोठं होतं आणि काम निर्मळ होतं. तरी ज्याचं गुपित त्यानं फोडावं, हा साधा शिष्टाचार तिथेही पाळला गेला नाही असंच मला वाटतं. माझं हे मत पुष्कळांना कद्रूपणाचं वाटेल. त्याला कारण आहे, ते सांगतो.

१९६६-६७ चा सुमार. मी अकरा-बारा वर्षांचा. आमच्याच बाखळीत, चार घरं सोडून, एक काकू राहत. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. दुपारी सगळं आवरलं की त्या पाट मांडीवर घेऊन लिहीत बसत. महिन्या-दोन महिन्यांनी एक जाड पाकीट माझ्या हातात देत आणि पोस्टात टाकायला सांगत. बक्षीस म्हणून दहा पैसे. "कुणाला दाखवू नकोस हं बाळ," एवढंच म्हणत. पत्ता मुंबईच्या नाही तर पुण्याच्या एखाद्या मासिकाचा असे. गोष्ट छापून येई ती दुसऱ्याच नावानं, पण मानधनाची मनिऑर्डर खऱ्याच नावावर यावी लागे, कारण पोस्टमन सही कुणाची घेणार? एकदा काकू घरात नव्हत्या. पोस्टमन ओटल्यावर टेकला होता. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली कूपन असे, पाठवणाऱ्यानं दोन ओळी लिहायच्या. मी ते त्याच्या हातातून वाकून वाचलं. गोष्टीचं नाव होतं, आणि गोष्टीवरचं ते दुसरं नाव. ती गोष्ट आमच्या घरी सगळ्यांनी वाचलेली होती. एका सुनेची आणि तिच्या सासऱ्याची गोष्ट होती. वाईट असं त्यात काही नव्हतं, पण सासरा कंजूष होता, देवभोळा होता, आणि सुनेच्या माहेरून आलेली पत्रं फोडून वाचत असे.

त्या वर्षी गणपतीत टोरी कॉर्नरजवळ आमच्या मंडळाची तालीम चालू होती. मोठी मुलं वाचलेल्या गोष्टींबद्दल बोलत होती. मला भाव मिळावा म्हणून मी सांगून टाकलं. एवढंच. दुष्टपणानं नव्हे, काकूंचा अभिमान वाटत होता म्हणून.

आरतीपर्यंत बातमी बाखळभर झाली होती. काकूंचे सासरे हयात होते. ते त्या गोष्टीतल्या सासऱ्यासारखे होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. पण लोकांनी मासिक पुन्हा काढून ओळीओळीनं ताळा पाहिला. कुणी म्हणालं, पत्रं फोडतात हे खरंच असणार. कुणी काकूंना समोरच विचारलं. त्या घरातून भांडणाचा आवाज आला नाही, आला असता तर बरं झालं असतं. दुपारचा पाट मात्र उभा करून भिंतीला टेकवून ठेवलेला दिसू लागला. मला पुन्हा कधी पाकीट मिळालं नाही. आणि ते नाव मासिकांतून नाहीसं झालं.

इटलीत एलेना फेरान्ते या नावानं लिहिणाऱ्या लेखिकेला २०१६ साली एका पत्रकारानं असंच शोधून काढलं, तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचली. त्यानं मानधनाच्या आणि मालमत्तेच्या कागदांचा माग काढला होता. म्हणजे शेवटी मनिऑर्डरचं कूपनच! टोपणनाव घेतो लेखक, पण ते सांभाळतात दुसरे: प्रकाशक, टपालवाला, हिशेबनीस, चार घरं सोडून राहणारं पोर. यातला एक जरी सैल निघाला तरी आटोपलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. निकाल मोठा आहे, पण बाखळीतल्या ओटल्यावर तो कोण बजावणार?

मी नोकरीला लागल्यावर एकदा दिवाळीच्या फराळाला गेलो असताना काकूंची क्षमा मागितली. त्या करंज्या डब्यात भरत होत्या. म्हणाल्या, "अरे, तू लहान होतास." आणि डबा माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, विषय संपला.

काही वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यांच्या मुलीनं मला बोलावून घेतलं. माळ्यावरच्या ट्रंकेत कात्रणांचा गठ्ठा होता, वर्षावार दोऱ्यानं बांधलेला. पहिली काही कात्रणं मला माहीत असलेल्या नावाची. मग दीड वर्ष रिकामं. आणि त्यानंतर एक वेगळंच नाव, पुरुषाचं वाटावं असं, थेट नव्वद सालापर्यंत. त्या नावाच्या गोष्टी मी वाचल्या होत्या. एकीबद्दल तर मी मासिकाला पत्रही पाठवलं होतं, 'आपल्या या लेखकाला बायकांचं मन बरं कळतं' अशा अर्थाचं. ते छापून आलेलं पत्रही गठ्ठ्यात होतं, घडी घालून, त्याच गोष्टीच्या मागे लावलेलं. मनिऑर्डरी बहुतेक त्यांच्या भावाच्या गावी जात असाव्यात. त्या दर उन्हाळ्यात तिथे जात.

या अंकाच्या संपादकांना मी लेख देतो म्हटलं, तेव्हा त्यांनी साहजिकच विचारलं, की त्या बाईंची एखादी गोष्ट पुन्हा छापता येईल का, आणि कोणत्या नावानं. काकूंच्या मुलीशी बोलून मी त्यांना नकार कळवला आहे. ते दुसरं नाव सध्या तिला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे. ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेवली आहे.